काळ्या अस्तराआडची भट्टी

ताई मरणार आणि ती दुकानाच्या मागच्या खोलीतच मरणार, याची मला तिथं भट्टी आली त्या दिवसापासून खात्री होती. कशी मरणार एवढंच ठरत नव्हतं. कधी वाटायचं भडका उडेल, कधी वाटायचं लालभडक लोखंड पायावर पडेल, आणि कधी कशाचंच नाव न घेता नुसतंच वाटायचं. हे नुसतं वाटणं सगळ्यात वाईट.

मी भित्रा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको. कुत्रं भुंकलं की मी रस्ता बदलतो. लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. नोकरी धरली ती पाणीपुरवठ्याच्या पंपावर, कारण पाणी पेटत नाही. ताई मला ‘सशा’ म्हणते आणि आता गल्लीही तेच म्हणते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं ती येता-जाता ऐकवते. मी म्हणतो, ज्याच्या पाठी असतो त्यालाच त्याची पावलं ऐकू येतात.

ताईला भीती नावाचा अवयवच दिलेला नाही. आई-वडील एकामागोमाग गेले तेव्हा ती शाळेत होती आणि मी अजून तिचं बोट धरून चालत होतो. या दोन पोरांना कुणी ठेवून घ्यायचं यावर नातेवाइकांचा खल चालला होता, तेवढ्यात ती उठली, आईचं शिवणयंत्र ओढत रस्त्याकडच्या खोलीत आणलं, दार सताड उघडलं आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसली. तेव्हापासून दिवसा ते दार कधी बंद झालं नाही. त्या यंत्रावर तिनं मला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. मधे एक-दोन स्थळं आली. तिनं नवऱ्यामुलाची मापं नजरेनंच घेतली आणि नको म्हणून सांगितलं. तिला सोडून मला जगात कुणी नाही, आणि हे वाक्य मी कधी तिच्यासमोर उच्चारलेलं नाही, कारण ती हसली असती.

नजरेनं माप घेणं ही तिची खासियत. फितीचा उपयोग फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. तोंडही तसंच धारदार. एखादा गृहस्थ माप देताना पोट आत ओढायला लागला की म्हणायची, “सोडा हो, शर्ट घातल्यावर ते बाहेर येणारच आहे.” लोक चिडायचे, पण कपडे तिच्याकडेच टाकायचे.

मग एके दिवशी तिची कात्री पडली. जुनी, जड, तिच्या पंजात बसलेली कात्री. एका पात्याचं टोक तुटलं आणि धारवाल्यानं हात टेकले. बाजारातून नव्या आणल्या, त्यांना ती म्हणायची, “या कापत नाहीत, चावतात.” एका दुपारी काज करता करता मान वर न करता म्हणाली, “मीच करते.”

“काय?”

“कात्री.”

“म्हणजे चांगल्यातली विकत आणतेस.”

“विकत नाही रे. करते. तापवून, ठोकून.”

ही बाई एकदा ‘करते’ म्हणाली की ते होतं, हे मला पुरेपूर ठाऊक होतं.

गल्लीच्या टोकाला भंगारवाला आहे. त्याचे वडील लोहार होते. तो स्वतः मात्र लहानपणीच भट्टीपासून पळाला होता, म्हणून मला तो आवडायचा. ताई त्याच्याकडे गेली, मी मागोमाग. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, कात्री शेवटी. आधी खिळा करा. खिळा वाकडा झाला तर कुणी रडत नाही. मग आकडा, मग छिन्नी. आणि आधी हे ठरवा, जाळणार काय?”

या ‘जाळणार काय’वरून आमच्या घरात महाभारत झालं. गॅसची भट्टी सोपी असते, भंगारवाला म्हणाला. नळी जोडली, कळ फिरवली, झालं. मी सांगून टाकलं, “सिलिंडर त्या खोलीत आला की मी घराबाहेर.”

“जा की,” ताई म्हणाली. “चावी तेवढी ठेवून जा.”

पण तिलाही गॅस नको होता. फुसफुसणारी आग दिसत नाही नीट, म्हणाली. “मला माझ्यासमोर जळणारं काहीतरी हवं.” लाकूड पेटवून पाहिलं. ज्वाळा हातभर आणि लोखंड जेमतेम कोमट, नुसताच थाट. मग दगडी कोळसा आणला. मागच्या अंगणात तो पेटवला आणि पिवळा, दाट धूर निघाला, नासक्या अंड्यांचा वास गल्लीभर. वरच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे काळे झाले. काकूंना दम्याचा त्रास. त्या गॅलरीतून खोकत खोकत जे काही बोलल्या, त्यातलं अर्धं इथं लिहिण्यासारखं नाही.

राहिला लाकडी कोळसा. तो लवकर संपतो, पेटताना तडतडतो, ठिणग्या उडवतो; पण नीट पेटला की धूर नाही, वास नाही. शिवाय ताईची त्याच्याशी जुनी ओळख. “मी आयुष्यभर कोळशाची इस्त्री फिरवली,” ती म्हणाली. “कोळसा मला तू शिकवू नकोस.” खरं सांगायचं तर मलाही जरा हायसं वाटलं. इस्त्रीतला कोळसा मी लहानपणापासून बघत आलो होतो. तो मला घरचा वाटायचा.

भट्टी तिनं स्वतः जुळवली. ट्रकचा जुना ब्रेक-ड्रम, त्याला आतून माती, वाळू आणि राखेचा लेप. लेप ओला असताना आग लावली तर तडकून ढलप्या उडतात, असं भंगारवाला म्हणाला आणि मी तो लेप पूर्ण वाळेपर्यंत भट्टीजवळ फिरकलो नाही. हवेसाठी तिनं एक चकचकीत पाइप उचलला होता, तो त्यानं हातातून काढून घेतला. जस्त चढवलेला पाइप तापला की त्याचा धूर ताप आणतो, साधा काळा पाइप न्या, म्हणाला. भात्याच्या जागी तिनं काय लावलं असेल? शिवणयंत्राचा जुना सांगाडा पडून होता. त्याच्या चाकाची वादी तिनं एका पंख्याला जोडली, पंखा पत्र्याच्या डब्यात बसवला. पायडल मारलं की वारा थेट निखाऱ्यांत. तिचे पाय जन्मभर तेच करत आले होते. रुळाचा एक तुकडा ऐरण म्हणून ठेवला. अंगात जाड सुती कापडाचा एप्रन, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

अंगणात सुरुवात झाली आणि तिथंच घोडं अडलं. लोखंड किती तापलं ते त्याच्या रंगावरून ओळखायचं, आणि उन्हात रंग दिसतच नाही. तिला वाटायचं अजून काळंच आहे, आणि ते आतून जळत असायचं. बाहेर काढलं की फुलबाजीसारखं तडतडायचं आणि हातोड्याखाली चुरा व्हायचा. दुसऱ्या वेळी घाईनं काढलं तर तडा. “अंधारात बघायला हवं,” भंगारवाला म्हणाला. “आमचा बापही सावलीतच बसायचा.”

रंग म्हटल्यावर ताईला हुरूप आला. रंग म्हणजे तिचं राज्य. तिनं दुकानातली रिळं काढली, डाळिंबी, गाजरी, नारिंगी, केशरी, पिवळं, आणि भट्टीवरच्या तारेत ओळीनं ओवली. लोखंड गाजरीला आलं की ठोकायचं, डाळिंबीला उतरलं की परत आत. इतकं सुंदर दिसायचं ते की मीसुद्धा एकदा घाबरायचं विसरलो.

आणि भट्टी मागच्या खोलीत आली.

खिडकीला तिनं कोटाचं काळं अस्तर दुहेरी करून लावलं, चारही बाजूंनी पट्टी मारून. दाराला आतून तसाच पडदा, आणि तो वाऱ्यानं हलू नये म्हणून त्याच्या काठात शिशाच्या गोळ्या शिवल्या, कोटाच्या काठात घालतात तशा. दार लावलं आणि पडदा सोडला की आत काळोख, मधोमध लाल डोळा. हातोड्याचा आवाजही बाहेर कमी जायचा, त्यामुळे काकूही खूश. “आता कशी शहाण्यासारखी करतेस,” काकू म्हणाल्या. “धूर नाही की काही नाही.”

माझी पाचावर धारण. मी रोज पंपावरून आलो की त्या खोलीत दाराजवळ बसायचो. पाण्याच्या दोन बादल्या, वाळूचं घमेलं, ओलं पोतं, सगळं हाताशी. नजर ठिणग्यांवर. एखादी एप्रनवर बसली की मी उठायचो आणि ताई म्हणायची, “बस रे, तिचं आयुष्य तुझ्यापेक्षा कमी आहे.” साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते मी रोज संध्याकाळी अगदी मन लावून करत होतो.

खोलीतून बाहेर पडलो की माझं डोकं दुखायचं. कपाळावर कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं. कधी मळमळायचं. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, “भीतीनं होतं ते. एवढं घाबरल्यावर डोकं दुखणार नाही तर काय होणार?” मला पटलं. मला भीतीनं याहून वाईटही झालेलं आहे. तिचंही डोकं दुखायचं. तिनं चष्म्याला दोष दिला.

खिळे झाले, आकडे झाले, एक बऱ्यापैकी छिन्नी झाली. मग एका सुट्टीच्या दिवशी, ऊन कलल्यावर, तिनं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा काढला. “आज पातं,” म्हणाली. नेहमीपेक्षा दुप्पट कोळसा भरला. खिळ्याला छोटी आग पुरते, पात्याला लांब आग लागते. मी माझ्या बादल्या घेऊन माझ्या जागी बसलो आणि मनातल्या मनात सगळी संकटं एकदा मोजून घेतली.

पायडलची खट-खट चालू होती. ती तापवायची, ठोकायची, पुन्हा आत घालायची. लोखंड लांब होत चाललं होतं. एकदा ती म्हणाली, “बघ, गाजरी आला.” मग बराच वेळ काही बोलली नाही. खट-खट हळू झाली. मग थांबली.

ती स्टुलावर बसली होती, पाठ भिंतीला, मान जरा कललेली. सांडशी मांडीवर. निखाऱ्यांच्या उजेडात तिचा चेहरा गुलाबी, टवटवीत दिसत होता, कित्येक वर्षांत दिसला नव्हता तसा. मला वाटलं, दमली बिचारी, डोळा लागला. लागू दे. सांडशी घसरून खाली पडली, आणि तिच्यात धरलेलं तापलेलं पोलाद एप्रनच्या काठावर पडलं. काठ काळा पडला, कडेनं लाल रेघ सरकायला लागली. मी ते बघत होतो. विझवायला हवं, असं मनात आलं. विझवू की सावकाश, असंही आलं. खोली उबदार होती. सगळं छान होतं. मला अजिबात भीती वाटत नव्हती.

अजिबात भीती वाटत नव्हती.

हा विचार डोक्यात कुठंतरी अडकला. ताईचा एप्रन जळतोय आणि मला भीती वाटत नाही? मला? उंदीर दिसला तर खुर्चीवर चढणारा मी, आणि आत्ता मला काहीच कसं वाटत नाही? आणि मग, अगदी सावकाश, खूप खोलातून भीती वर आली. आगीची नव्हे. माझी भीती कुणीतरी काढून नेली आहे, त्याची भीती. आयुष्यभर जिच्यासाठी मी लोकांचं हसू झेललं, ती माझ्या अंगात नव्हती, आणि तिच्यावाचून मी तिथंच बसून राहणार होतो.

उठायला गेलो तर गुडघे नव्हतेच. तोंडावर पडलो. बादली कलंडली, पाणी फरशीवरून तिच्या पायांपर्यंत गेलं आणि एप्रनची कड चुरचुरत विझली. मी तिच्या घोट्याला धरून ओढलं. ती स्टुलावरून खाली आली, पिठाच्या पोत्यासारखी, आणि ‘आई गं’सुद्धा म्हणाली नाही. पडदा ओढला, फाटेना. ताईची शिवण ती, माझ्यासारख्यानं ओढून कशी उसवणार! शेवटी तो जड काठ डोक्यानं उचलला, खाली शिरलो आणि दाराला खांदा दिला. बाहेरची हवा आत आली. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. काकू म्हणतात, ससा ओरडतो तसं.

काकू दम्यासकट जिना उतरून आल्या. माझ्या अंगावरून आत वाकल्या, तोंडाला पदर लावून ताईच्या काखेत हात घातले आणि ओढत अंगणात आणलं. “श्वास घे गं बये,” तिच्या गालावर चापट्या मारत त्या म्हणत होत्या, “श्वास घे, मी तुला काही बोलणार नाही, रोज धूर कर.” भंगारवाल्याच्या टेंपोतून आम्हाला दवाखान्यात नेलं. वाटेत मी ताईचा हात धरून बसलो होतो. हात गरम होता, पण त्यात ती नव्हती. इतका घाबरलो होतो की दात वाजत होते.

दोघांच्याही तोंडावर ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं, “कोळसा कोंडलेल्या जागी जळला की विषारी वायू होतो. रंग नाही, वास नाही. माणूस झोपतो आणि उठत नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघांपैकी कुणीच वाचलं नसतं.”

“अहो, पण मी इतकी वर्षं इस्त्री केली की,” ताई पुटपुटली. तिचा आवाज घोगरा झाला होता.

“दार बंद करून?”

ताईनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि माझ्याकडे न बघता हात मागे केला. मी तो धरला.

घरी आल्यावर कितीतरी दिवस तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. बोटं थरथरायची. शब्द अडायचे, अस्तराला ‘ते आतलं’ म्हणायची. मागच्या खोलीकडे बघायची नाही. मी मनातून देवाचे आभार मानत होतो की सुटलं एकदाचं. पण थरथर ओसरली तशी एक दिवस तिनं भंगारवाल्याला बोलावलं, अंगणाच्या टोकाला चार खांब उभे केले, वर पत्रा टाकला. भिंत एकही नाही. तिन्हीसांजेला तिथं रंग दिसण्याइतका अंधार असतो आणि वारा चारही बाजूंनी येतो. वरून काकूंनी कपडे आत घेतले आणि एक शब्दही बोलल्या नाहीत.

भट्टी पेटली. ताई स्टुलावर बसली. पाय पायडलवर ठेवला, पण तो हलेना. मी बघत होतो. तिचा पाय नुसता तिथं होता. तिच्या कपाळावर घाम होता.

“सशा,” ती म्हणाली. “घाबरलायस का रे?”

“हो.”

“खरंच?”

“खूप.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि पाय हलला.

तेव्हापासून हे रोजचं झालं. ठोकता ठोकता मधेच विचारायची, घाबरलायस ना? मी हो म्हणायचो, ती पुढचा घाव घालायची. खोटं बोलायची गरज मला पडली नाही. पात्याला आकार येत होता. पहिलं पातं पाणी देताना, म्हणजे लाल तापवून बुडवताना, तडकलं, दुसरं वाकलं. तिसरं सरळ निघालं. त्या संध्याकाळी छान वारा होता. निखारे एकसारखे फुलले होते, ताई वाकून रंग बघत होती, आणि काकू वरून कुणाशी तरी फोनवर हसत बोलत होत्या.

“घाबरलायस ना?”

मला बरं वाटत होतं. ताई समोर होती, जिवंत होती, पातं सरळ होतं. “नाही गं,” मी म्हणालो. “आज नाही.”

सांडशी खणकन पडली. काय झालं ते कळायच्या आत तिनं माझी कॉलर धरली आणि मला ओढत अंगणातून, गल्लीतून, थेट रस्त्याच्या मधोमध आणलं. एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला चुकवून गेला. “श्वास घे,” ती ओरडत होती. “मोठा घे. डोकं दुखतंय का? माझ्याकडे बघ. बघ माझ्याकडे!”

मी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“घाबरलास का?” तिनं विचारलं. “सांग ना रे. घाबरलास का?”

“हो ताई,” मी म्हणालो. “आता घाबरलो.”

तरी तिनं कॉलर सोडली नाही.